एआर-१५ साठी मॅगझिन: ३० चं घ्यावं, ६० चं की सरळ ड्रम?

खडीसाखर
मंडळी, नमस्कार. डॅलसच्या उत्तरेकडे राहतो. ग्रीन कार्ड हाती पडल्यावर यंदा एआर-१५ रायफल घेतली, ५.५६ मिमी कॅलिबरची, सोळा इंची बॅरल. रायफलीबरोबर ३० राउंडचं एकच मॅगझिन (गोळ्या भरायची, काढता येणारी पेटी) आलंय. रेंजवर त्या एकावर भागवायचं म्हणजे नेमबाजी कमी आणि गोळ्या भरत बसणंच जास्त. म्हणून आणखी घ्यायची आहेत. दुकानात भिंतभर लटकलेली असतात: प्लास्टिकची, अ‍ॅल्युमिनियमची, धुरकट पारदर्शक, ४० ची, ६० ची, गोल डब्यासारखे ड्रम. काउंटरवरचा भाऊ ज्यावर बोट ठेवावं त्याला 'बेस्ट सेलर' म्हणतो.

वापर असा: अधूनमधून रेंज, पुढेमागे कार्बाइनचा (आखूड रायफलीचा) एखादा वीकेंड क्लास, आणि मित्राच्या सासऱ्यांच्या रँचवर रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, तिकडचं बोलावणं आहे. ६० चं एकच घेतलं तर सारखं बदलायची कटकट वाचेल का? भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग खरंच बसते का? प्लास्टिक की धातू?

बंदूक असावी की नसावी हा वाद कृपया इथे नको. त्यासाठी वेगळे धागे ओसंडून वाहतायत.

चिंचगुळ
शेवटच्या ओळीचा काही उपयोग होणार नाही हे माहीत असूनही लिहिलीत, कौतुक आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तांब्या_पितळ
खडीसाखर, मी अ‍ॅरिझोनात, थ्री-गनच्या (रायफल, पिस्तूल, शॉटगन अशा तिन्हींच्या) सामन्यांना जातो, त्यामुळे मॅगझिनं आपटणं, वाळूत पाडणं, तुडवणं हे सगळं नित्याचं. आधी उत्तर: मॅगपुल कंपनीचं प्लास्टिकचं पीमॅग, त्यातलं जेन एम३ मॉडेल, ३० राउंडचं. एकाच जातीची सात-आठ घ्या. दहा ते पंधरा डॉलरला एक पडतं, सेल लागला की त्याहून कमी. ६० च्या नादी लागू नका.

आता कारणं. सेमी-ऑटो (एकदा चाप ओढला की एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारी) रायफल अडकते तेव्हा लोक आधी रायफलीला शिव्या घालतात. बहुतेक वेळा दोषी मॅगझिन असतं. बोल्ट (गोळी नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) मागे जाऊन पुढे येतो त्या क्षणभरात पुढची गोळी ठरल्या उंचीवर, ठरल्या कोनात वर आलेली असावी लागते. ते काम स्प्रिंग, तिच्यावरचा गोळ्या वर रेटणारा तुकडा, म्हणजे फॉलोअर, आणि वरच्या दोन वळवलेल्या कडा, म्हणजे फीड लिप्स, यांचं. यातलं एक जरी बिनसलं तरी दोन हजार डॉलरची रायफल सिंगल शॉट होऊन बसते.

एम१६ (एआरचीच लष्करी बहीण) आली तेव्हा मॅगझिन २० चं होतं, सरळ, पातळ अ‍ॅल्युमिनियमचं. वापरून फेकून द्यायचं या हिशेबानं केलेलं. व्हिएतनाममध्ये शिपाई त्यात १८ च भरायचे, कारण २० भरलं की अडकायचं. पुढे ३० चं आलं. ५.५६ चं काडतूस मागे किंचित जाड आणि पुढे निमुळतं असतं, त्यामुळे एकावर एक रचत गेलं की रांग आपोआप वळायला लागते. एके-४७ च्या काडतुसाला निमुळतेपणा जास्त, म्हणून तिचं मॅगझिन केळ्यासारखं. एआरची गोची अशी की रायफलीतला मॅगझिनचा खाचा २० च्या हिशेबानं सरळ कापलेला. म्हणून ३० चं मॅगझिन वर सरळ आणि खाली वाकडं. फॉलोअरला या सांध्यावरून वर यायचं असतं आणि तो नेमका तिथेच नाक खाली घालतो. अमेरिकन लष्कराने आधी काळा, मग हिरवा आणि २००९ च्या सुमाराला खाकी फॉलोअर आणला, तो हे कलणं थांबवण्यासाठीच. पीमॅग आतून सलग वळणाचं असतं आणि फॉलोअर न कलणारा. त्याचं नाव झालं ते यामुळे. अमेरिकन मरीन्सनी २०१६ च्या अखेरीस जेन एम३ ला मान्यता दिली, आणि ती मंडळी वस्तूंचे हाल करण्यात कुणाला हार जाणारी नाहीत.

अ‍ॅल्युमिनियमचंही वाईट नाही. ओके इंडस्ट्रीज किंवा डी अँड एच बनावटीचं, न कलणाऱ्या फॉलोअरचं असेल तर डोळे मिटून घ्या. फक्त काँक्रीटवर तोंडावर पडलं की लिप्स वाकतात, आणि केसभर वाकल्या तर डोळ्याला दिसत नाही. पॉलिमरचं, म्हणजे प्लास्टिकचं, एकतर टिकतं नाहीतर उघड तडकतं. धुरकट पारदर्शक म्हणता ते बहुधा लॅन्सरचं असेल: पॉलिमरची बॉडी आणि पोलादी लिप्स. छान आहे, जरा महाग आहे.

६० च्या दोन जाती. एकात चार रांगा असतात आणि वर येताना त्यांच्या दोन होतात. घर्षण वाढतं, कचरा गेला की संपलं. दुसरा ड्रम. मॅगपुलचा डी-६० त्यातल्या त्यात बरा म्हणतात. आमच्या क्लबातल्या एकाने भलत्याच कंपनीचा स्वस्तातला ड्रम आणला होता (नाव सांगत नाही), सामन्यात पाचव्या-सहाव्या गोळीला अडकला, आणि अडकलेला ड्रम काढायचा म्हणजे दोन्ही हात गुंतले. आणि वजन बघा. ५.५६ ची एक गोळी साधारण १२ ग्रॅमची. ६० म्हणजे नुसत्या गोळ्याच ७२० ग्रॅम, वर ड्रमचं वजन वेगळं, आणि सगळं रायफलीच्या पुढच्या अर्ध्यावर लटकलेलं. ३० चं भरलेलं पीमॅग अर्धा किलोच्या आसपास, आणि पाउचमध्ये नीट बसतं.

खडीसाखर
बाप रे, एवढं सविस्तर! मंडळ आभारी आहे. पण मग बदलायची कटकट?

तांब्या_पितळ
ती कटकट शिकायला तर क्लासला जाताय ना! आणखी एक: बाकावर रायफल टेकवून नेम धरणार असाल तर ३० चं खाली लांब येतं आणि बाकाला टेकतं. झीरो करताना (नेम धरायची साइट जुळवताना) आणि पालथं पडून मारताना २० चं किंवा १० चं वापरा. दोन २० ची जरूर घ्या, दरवर्षी माझा पहिला शनिवार त्यांच्यावरच जातो.

पुलावरचा_पाऊस
न्यू जर्सीतून लिहितोय. वरचं सगळं वाचून हात शिवशिवले, पण आमच्याकडे १० च्या वरचं मॅगझिन बाळगणंच गुन्हा. आधी मर्यादा १५ ची होती, २०१८ मध्ये १० वर आणली. फोर्थ डिग्री क्राइम, १८ महिन्यांपर्यंत कैद. खडीसाखर, तुम्ही टेक्सासमध्ये, तिथे मर्यादा नाही. पण तुमचे नातेवाईक इथे एडिसनला असणार (सगळ्यांचेच असतात), म्हणून सांगतो: रोड ट्रिपला ट्रंकमधली रेंजची बॅग घरी ठेवून निघा. पेनसिल्व्हेनियात काही नाही आणि डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की गुन्हेगार, असा प्रकार आहे. १९८६ च्या संघीय कायद्यात एका राज्यातून दुसऱ्यात जाताना बंदूक कुलूपबंद नेण्याचं संरक्षण आहे, पण त्यात शब्द बंदूक आणि दारूगोळा असे आहेत. मॅगझिनच्या बाबतीत त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि ग्रीन कार्डवाल्यांनी हे तर दोनदा वाचावं. इमिग्रेशन कायद्यात शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरलं तर हद्दपारीचं कलम आहे, आणि त्यात नुसतं शस्त्र नाही, 'भाग किंवा अ‍ॅक्सेसरी' असेही शब्द आहेत. नागरिक माणूस दंड भरून सुटेल तिथे आपलं विमान बुक होऊ शकतं. शंका असेल तर पैसे देऊन वकिलाला विचारा, धाग्यावरच्या काकांना नाही. (म्हणजे मलाही नाही.)

बे_एरियातली_काकू
कॅलिफोर्नियाची हजेरी. इथे १ जानेवारी २००० पासून १० च्या वरचं विकणं बंद. मग २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या फेडरल न्यायाधीशांनी बंदी घटनाबाह्य ठरवली, २९ मार्चला निकाल आणि ५ एप्रिलला स्थगिती. मधल्या आठवड्याला इथले लोक 'फ्रीडम वीक' म्हणतात. देशभरातल्या दुकानांमधून ट्रकच्या ट्रक मॅगझिनं आली. आमच्या गल्लीतला एक सभ्य, मितभाषी दंतवैद्य दारात कुरिअरची वाट बघत येरझाऱ्या घालत होता, ते दृश्य अजून आठवतं. पुढे नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने मार्च २०२५ मध्ये बंदी योग्य ठरवली.

माझ्याकडे १०/३० आहेत. बाहेरून ३० चं, आत कायमची अडणी बसवून १० चं केलेलं. पाउचमध्ये नीट बसतं आणि मॅगझिन भराभर बदलायची सवय होते. दहा-दहावर मॅच खेळणाऱ्या आम्हा लोकांचं रीलोड तुम्हा टेक्सासवाल्यांपेक्षा बरं असतं, हे नम्रपणे नोंदवते.

सातारी_जवान
राम राम. आम्ही निवृत्त होऊन गावी, मुलगा ह्यूस्टनला. आमच्या वेळी लष्करात एसएलआर रायफल, ७.६२, मॅगझीन २० चं, लोखंडी. पडलं, आपटलं, काही होत नसे. मग इन्सास आली, तिचं २० चं मॅगझीन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. गोळ्या किती राहिल्या ते दिसतं हा फायदा, पण कारगिलच्या वेळी थंडीत ती तडकत असल्याच्या तक्रारी झाल्या, त्या पेपरातही आल्या. त्यामुळे प्लास्टिक म्हटलं की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी. आता एके-२०३ लाही पॉलिमरचंच आहे, पण माल सुधारला आहे असं पोरं सांगतात.

आमचे उस्ताद एकच सांगायचे: रोक आली (गोळी अडकली) की आधी मॅगझीन तपास. प्रत्येकाचं मॅगझीन ठरलेलं, अदलाबदल नाही. दर आठवड्याला उघडायचं, पुसायचं. आतून तेलाचा थेंब नाही लावायचा, धूळ धरतं.

गेल्या खेपेला मुलाने रेंजवर नेलं. काउंटरवर व्हिसा विचारला आणि म्हणाले, तुम्ही बंदूक हातात घेऊ शकत नाही. आयुष्य गेलं की त्यात! काचेमागे बसून पोराचा ग्रुप (टार्गेटवर गोळ्या किती जवळ लागल्या ते) बघितला. सुधारणेला वाव आहे.

पुलावरचा_पाऊस
जवान, तुम्हाला सलाम. पण काउंटरवाला बरोबर होता. पर्यटक, विद्यार्थी, एच-१बी असे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेले सगळेच संघीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगू शकत नाहीत. रेंजवर भाड्याने घेतलेलीही त्यात येते. मोठा अपवाद एकच वापरात आहे: कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन. एच-१बीवरचे बरेच मराठी लोक ऑफिसातल्या दोस्तांबरोबर बिनधास्त रेंजवर जातात आणि फोटो फेसबुकवर टाकतात, त्यांना कुणीतरी आवरा.

खडीसाखर
जवान, दंडवत. पुढच्या खेपेला लायसनचं बघू, टेक्सासमध्ये परराज्यातल्यांना आणि परदेशी लोकांनाही मिळतं.

चिंचगुळ
पॉपकॉर्न संपले, आता बोलतो. पुण्यात राहतो, बंदूक फक्त बँकेच्या दारातल्या काकांच्या खांद्यावर बघितली आहे. २०११ साली टूसॉनमध्ये एका बाईंवर, अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य होत्या, गोळीबार झाला. पिस्तुलाला ३३ राउंडचं लांब मॅगझिन होतं. ते संपलं आणि दुसरं लावताना लोकांनी गोळीबार करणाऱ्याला पाडलं. मॅगझिन १० चं असतं तर तो आधीच सापडला असता. 'बदलायची कटकट' असं धागालेखक ज्याला म्हणतात, तेवढ्या कटकटीत माणसं वाचतात. हे वाचूनही तुम्ही सात-आठ घ्या असं लिहिता?

तांब्या_पितळ
चिंचगुळ, टूसॉन माझ्या घरापासून दोन तासांवर. तुमचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. मॅगझिन बदलताना पकडता आलं हे खरंच आहे, आणि मर्यादेच्या बाजूचा तो सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. दुसरी बाजूही त्याच सुमाराची: २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोराच्या थिएटरात गोळीबार करणाऱ्या नराधमाकडे १०० राउंडचा ड्रम होता आणि तो अडकला. त्यावरून कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ ची मर्यादा घातली, आणि तिथलीच मॅगपुल कंपनी गाशा गुंडाळून वायोमिंग आणि टेक्सासला गेली. जायच्या आधी कायदा लागू होईपर्यंत कोलोरॅडोच्या लोकांना जेवढी देता येतील तेवढी मॅगझिनं देऊन गेली.

देशभर १० ची मर्यादा १९९४ ते २००४ होती, पण आधीची बनवलेली चालत होती, त्यामुळे जुनी मॅगझिनं दामदुपटीने विकली गेली. मी मर्यादेच्या विरोधात आहे, का ते लिहायचं तर धागा हायजॅक होईल. पण मॅगझिन कुलपात ठेवणं, घरात मूल असेल तर रायफल आणि गोळ्या वेगळ्या ठेवणं, यावर आपण दोघं भांडणार नाही असं वाटतं.

चिंचगुळ
त्यावर नाही भांडणार. बाकीच्यावर भांडेन, पण दुसऱ्या धाग्यावर.

बे_एरियातली_काकू
चिंचगुळ आणि तांब्या_पितळ एका पानावर! संपादक, हा धागा वर चिकटवा.

खडीसाखर
स्प्रिंगचं राहिलं. आणि २८ भरायचं की ३०?

तांब्या_पितळ
चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने बसत नाही, दाबणं-सोडणं हजारो वेळा झालं की थकते. भरून वर्षभर ठेवलंत तरी चालतं. जुन्या पॉलिमर मॅगझिनांत प्रश्न स्प्रिंगचा नव्हता, लिप्सचा होता: आतून सतत वर रेटा आणि बाहेर टेक्सासच्या उन्हात तापलेली ट्रंक, मग लिप्स हळूहळू फाकायच्या. म्हणून पीमॅगबरोबर वरचं झाकण येतं. ते दाबून बसवलं की वरची गोळी किंचित खाली जाते आणि लिप्सवरचा ताण निघतो. लोक ते पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकतात. टाकू नका.

३० की २८: बोल्ट पुढे असताना भरलेलं मॅगझिन लावलं तर वरची गोळी बोल्टच्या खालच्या बाजूला टेकते आणि तिला आणखी थोडं खाली दबावं लागतं. ३० भरलेल्या मॅगझिनमध्ये ती जागा काही वेळा नसतेच. मॅगझिन अर्धवट बसतं, खटका लागल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या बारानंतर मॅगझिन पायावर. रेंजवर नळी टार्गेटकडे ठेवून करून बघा: तळव्याने वर ढकला, मग तेच मॅगझिन पकडून खाली ओढा. हातात आलं तर बसलं नव्हतं. नव्या पीमॅगमध्ये ३० बसतात. जुन्या अ‍ॅल्युमिनियममध्ये मी २८ भरतो, दोन गोळ्यांनी काही बिघडत नाही.

आणि नंबर घाला. पीमॅगच्या खालच्या बाजूला ठिपक्यांची छोटी चौकट असते, ती त्यासाठीच आहे. पांढऱ्या पेंट मार्करने ठिपके जोडून १, २, ३ लिहा. रायफल अडकली की नंबर बघा. सारखं ४ नंबरलाच अडकत असेल तर रायफलीला हात लावायचा नाही. आधी ४ ची स्प्रिंग बदला, तरी तेच झालं तर हातोड्याने लिप्स चेपून मगच कचऱ्यात, नाहीतर शेजारचा उचलून नेतो आणि पुढच्या शनिवारी तेच तुमच्या नशिबी.

वरणगावकर
वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, लहानपण वसाहतीत गेलं, म्हणून दारूगोळ्याबद्दल दोन शब्द. सगळे मॅगझिनबद्दल बोलतायत, आत काय घालताय ते कुणी विचारत नाही. .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस आहे, ते एआरच्या याच मॅगझिनमध्ये बसतं आणि बोल्टही तोच लागतो. बदलते फक्त नळी. .३०० ची गोळी ५.५६ च्या रायफलीत चुकून गेली आणि बोल्ट पूर्ण बंद झाला, तर रायफल फुटते. चित्रं बघा, पोटात गोळा येतो. मॅगपुल .३०० साठी वेगळं मॅगझिन बनवते, बाहेरचे उंचवटे निराळे, अंधारात हाताला कळतात. घरात दोन्ही कॅलिबर असतील तर मॅगझिनचा रंगच वेगळा ठेवा, आणि रेंजवर एका वेळी एकच कॅलिबर न्या.

खडीसाखर
हे माहीतच नव्हतं. रँचवाल्यांकडे सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावलेली .३०० आहे, त्यांच्या डब्यातल्या गोळ्या माझ्या बॅगेत येणं सहज शक्य होतं.

डुकरांसाठी ३० चं पुरे ना?

तांब्या_पितळ
पुरे. पहिल्या बाराला कळप उधळतो, पुढचे नेम घाईत आणि पळत्यावर, तेव्हा १० कमी वाटतात हे खरं. पण ६० गोळ्या झाडायला डुकरं थांबत नाहीत. टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरं मारायला लायसन लागत नाही. बाकी शिकारीला जाणार असाल तर त्या त्या राज्याचे नियम वेगळे बघा, अनेक ठिकाणी हरणाला पाचच्या वर गोळ्या चालत नाहीत. आणि जाताना भरायचं यंत्र घ्या, मॅगलुलाचं. इस्रायली आहे, दिसायला खेळणं. अंगठ्याने ३० चं तिसरं मॅगझिन भरताना नखाखाली जे होतं ते होत नाही.

पुलावरचा_पाऊस
एक राहिलं, भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजची बॅग ही रेंजचीच बॅग. केबिन बॅग म्हणून वापरू नका, जिम बॅग म्हणूनही नाही. तळाशी शिवणीत एखादी गोळी अडकलेली असते आणि ती मुंबईच्या एक्स-रेमध्ये दिसते. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, त्यामुळे 'रिकामं मॅगझिन आहे हो साहेब, गंमत म्हणून मामेभावाला दाखवायला आणलं' हे चालत नाही. अमेरिकेतून बाहेर नेण्यावर इथल्या निर्यात कायद्याचंही बंधन आहे ते वेगळंच.

सातारी_जवान
अगदी बरोबर. मामेभावाला फोटो दाखवा.

खडीसाखर
ऑर्डर टाकली: जेन एम३ ३० ची सहा, खिडकीवाली, म्हणजे किती उरल्या ते दिसेल. २० ची दोन, मॅगलुला, पांढरा मार्कर. बायकोने विचारलं एवढी कशाला, तिला वरचा चौथ्या नंबरच्या मॅगझिनचा परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली मग पाचच घ्यायची होतीस.

बे_एरियातली_काकू
वहिनींना +१. आणि त्यांनाही रेंजवर न्या. सुरुवात रुगर १०/२२ या .२२ च्या रायफलीवर करा, मूळ मॅगझिन १० चंच आहे, गोल फिरकीचं, कधी अडकत नाही, आणि .२२ च्या गोळ्या स्वस्त.

खडीसाखर
१०/२२ ला २५ चं बीएक्स-२५ येतं ना? ते कसं आहे?

तांब्या_पितळ
आता त्याचा वेगळा धागा काढा. .२२ ची गोळी कडेवाली, म्हणजे रिम असलेली. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की अडकलंच. भरताना प्रत्येक गोळीची कड आधीच्या गोळीच्या पुढे बसवायची असते, आणि ती भरायची पद्धत लिहायलाच मला दोन परिच्छेद लागतील. उद्या लिहितो.